वारकरी कीर्तनकार: श्रोत्यांचे, शिकणाऱ्यांचे आणि सप्ताह भरवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

सप्ताह (सात दिवसांचा नाम-कीर्तनाचा सोहळा) भरवणाऱ्या कमिटीची मंडळी, मुलाला आळंदीला पाठवायच्या विचारात असलेले आईवडील आणि पहिल्यांदाच मांडवात येऊन बसलेले श्रोते यांच्याकडून वारंवार येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं मुख्यतः वारकरी परंपरेला धरून आहेत. नारदीय कीर्तनाचा विषय जिथे निघतो तिथे तसं सांगितलं आहे.

कीर्तनकार आणि प्रवचनकार यांत फरक काय?

प्रवचन बसून होतं, कीर्तन उभं राहून. प्रवचनाला बहुधा ज्ञानेश्वरीची ओवी घेतात, कीर्तनाला संतांचा अभंग. प्रवचनात वक्ता एकटा बोलतो आणि श्रोते ऐकतात. कीर्तनात मागे टाळकऱ्यांची रांग असते, एका बाजूला पखवाज, शेजारी विणेकरी, आणि बोलणं ऐन रंगात आलं की सगळे मिळून चाल धरतात. म्हणून कीर्तनकाराला अर्थाबरोबर सूर आणि ताल यांचंही भान ठेवावं लागतं.

बरेच महाराज दोन्ही करतात. मात्र उत्तम प्रवचनकार उत्तम कीर्तनकार असेलच असं नाही, आणि उलटही तसंच. शंकर वामन तथा सोनोपंत दांडेकर (१८९६–१९६८) हे दोन्हीकडे अधिकार असलेलं मोठं नाव. मामासाहेब म्हणून ओळखले जाणारे हे गृहस्थ पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि विष्णुबुवा जोगांचे शिष्य. त्यांनी संपादित केलेली सार्थ ज्ञानेश्वरी १९५३ साली निघाली आणि आजही असंख्य घरांत पारायणाला तीच असते. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस गळ्यात तुळशीची माळ घालून टाळकऱ्यांपुढे उभा राहत होता. कीर्तन हे अडाण्यांचं काम आहे असं म्हणणाऱ्याला हे एक नाव सांगावं.

नारदीय कीर्तन म्हणजे वेगळं काय?

बांधणी वेगळी. नारदीय कीर्तनात नमनानंतर पूर्वरंग येतो, त्यात एखादं पद घेऊन तत्त्व सांगतात. मग नामजप होतो, बुवांना हार घालून बुक्का लावतात आणि उत्तररंगात त्या तत्त्वाला धरून आख्यान लागतं. ते पुराणातलं असेल, संतचरित्रातलं असेल, इतिहासातलंही असेल. साथीला पेटी-तबला, बुवांच्या हातात चिपळ्या किंवा झांज. साकी, दिंडी, आर्या, कटाव अशा वृत्तांची रेलचेल असते. वक्त्याला इथे ‘बुवा’ म्हणतात, वारकऱ्यांत ‘महाराज’.

स्वातंत्र्यचळवळीच्या काळात याच साच्यात देशभक्तांची चरित्रं आली आणि राष्ट्रीय कीर्तन उभं राहिलं. डॉ. दत्तोपंत पटवर्धनांचं नाव त्यात आघाडीवर आहे. वारकरी कीर्तनात पूर्वरंग-उत्तररंग अशी विभागणी नसते. एकच अभंग पहिल्या चरणापासून शेवटच्या चरणापर्यंत चालतो.

एकाच अभंगावर दोन तास बोलतात तरी काय?

या प्रश्नाला थोडं सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण कीर्तनकाराचं खरं कसब इथेच आहे.

सुरुवातीला ‘जय जय रामकृष्ण हरि’चा गजर होतो, मग रूपाचा, म्हणजे विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारा अभंग. त्यानंतर सेवेला, म्हणजे निरूपणाला घेतलेला अभंग गायक म्हणतात आणि त्याचं ध्रुपद (परत परत म्हणायची ओळ) धरून ठेवतात. आता समजा तुकोबांचा ‘हेंचि दान देगा देवा’ घेतला. हा अभंग कार्यक्रमाच्या शेवटी म्हणतात, त्यामुळे मांडवातल्या लहान पोरालाही तो पाठ असतो. पाठ असलेल्या अभंगावर बोलणं जास्त अवघड, कारण श्रोत्याला वाटतं की हे आपल्याला ठाऊकच आहे.

कीर्तनकार आधी प्रसंग उभा करतो. देव समोर उभा आहे, मागायची मुभा आहे, आणि मागणारा देहूचा एक वाणी आहे, ज्याने दुष्काळात बायको आणि मूल गमावलंय, ज्याचं दिवाळं निघालंय. तो काय मागेल? इथे थांबून टाळकरी ध्रुपद घेतात. मग उत्तर येतं, ‘तुझा विसर न व्हावा’. आता शंका काढायची: एवढंच? धान्य नाही, पैसा नाही, गेलेली माणसं नाहीत? दुसऱ्या चरणात तुकोबा सांगतात की गुण गाणं हीच माझी सगळी जोड. तिसऱ्यात मुक्ती आणि संपदा दोन्ही नाकारतात आणि संतांचा संग मागतात. संपदा नको म्हणणारे पुष्कळ भेटतील, मुक्ती नको म्हणणारा विरळाच. इथे कीर्तनकार ज्ञानेश्वरीतली ओवी आणतो, नामदेवरायांचा चरण आणतो, एकनाथ महाराजांचा दाखला देतो. आणि शेवटच्या चरणात सगळ्यांत मोठी गाठ येते: ‘गर्भवासी सुखे घालावे आम्हांसी’. सगळी शास्त्रं जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटायला सांगतात आणि हे महाराज परत जन्माला घाल म्हणतात! ही गाठ शेवटपर्यंत राखून ठेवायची आणि आधीच्या तीन चरणांच्या बळावर सोडवायची. जिथे गुण गायला मिळतात आणि संत भेटतात तो जन्म बंधन कसा म्हणायचा? हे श्रोत्याच्या मनात ज्या क्षणी उतरतं त्या क्षणी पखवाजावर हात पडतो आणि मांडव उभा राहतो.

ही गाठ नीट सोडवली तर दोन तास पुरत नाहीत. ती न सोडवता मधल्या वेळात गोष्टी आणि चुटके भरले, तर कीर्तन संपल्यावर अभंग कोणता होता हेच कोणाला आठवत नाही.

‘प्रमाण’ म्हणतात ते काय?

कीर्तनकार जे बोलतो त्याला आधार म्हणून दिलेलं संतवचन किंवा शास्त्रवचन म्हणजे प्रमाण. जाणता श्रोता प्रमाणांकडे कान लावून बसलेला असतो. महाराजांनी अर्धा चरण म्हटला की टाळकऱ्यांनी उरलेला उचलायचा, अशी रीत आहे. त्यामुळे मागचे टाळकरीच कीर्तनकाराचे पहिले परीक्षक असतात. चुकीचं प्रमाण दिलं तर ते गप्प राहतात, आणि ती शांतता सगळ्यांना कळते.

पंढरपूरच्या जुन्या फडांवर (फड म्हणजे एका महाराजांच्या परंपरेतला वारकऱ्यांचा समूह), वासकर, देहूकर यांच्यासारख्या, ही शिस्त फार कडक आहे. माझ्या मते वारकरी कीर्तन शेकडो वर्षं टिकलं ते या एका नियमामुळे. व्यासपीठावर उभ्या राहिलेल्या माणसाचं स्वतःचं मत कितीही चमकदार असलं तरी त्याला संतवचनापाशी येऊन उत्तर द्यावं लागतं.

कीर्तनकार व्हायचं तर शिकायचं कुठे?

आळंदीला. विष्णुबुवा जोगांनी (१८६७–१९२०) १९१७ साली तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली. त्याआधी हे ज्ञान फडांवर, घराण्यांत आणि एखाद्या महाराजांच्या सहवासात मिळायचं. कोणत्याही घरच्या मुलाला पद्धतशीर अभ्यास करता यावा यासाठी जोग महाराजांनी ही सोय केली. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, भगवद्गीता, विचारसागरासारखे वेदान्तग्रंथ आणि गायन-वादन असतं. पूर्वी विद्यार्थी माधुकरी मागून जेवत. आज आळंदीत अशा लहानमोठ्या संस्था गल्लोगल्ली आहेत. मुलाला घालण्याआधी आईवडिलांनी तिथे जाऊन राहायची-जेवायची सोय, शाळेचं शिक्षण चालू राहतं का, आणि शिकवणारे कोण आहेत हे डोळ्यांनी पाहावं. नुसत्या पत्रकावर किंवा ओळखीवर मूल पाठवू नये. संस्थेला मुलाला भेटायला गेलेल्या पालकांची अडचण वाटत असेल तर तिथे ठेवूच नये.

नारदीय पद्धत शिकायची तर पुण्यात हरिकीर्तनोत्तेजक सभेचं नारद मंदिर आहे आणि मुंबईत दादरला अखिल भारतीय कीर्तन संस्था आहे.

किती वर्षांनी कीर्तन करायला उभं राहावं?

तुकोबांनी स्वतःचा क्रम सांगून ठेवलाय: ‘कांही पाठ केली संतांची उत्तरें । विश्वासें आदरें करोनियां ॥’ आणि पुढे, ‘गाती पुढे त्यांचे धरावे धृपद’. म्हणजे आधी पाठांतर, मग दुसऱ्याच्या मागे उभं राहून ध्रुपद धरणं, आणि त्यानंतर पुढे येणं. ज्याने टाळकरी म्हणून रात्रीच्या रात्री उभ्याने काढल्या नाहीत, त्याला कीर्तन कुठे चढतं आणि कुठे पडतं हे पुस्तकातून कळणार नाही.

आज दहा-बारा वर्षांच्या मुलांना फेटा बांधून उभं करतात. पाठांतराचं कौतुक जरूर करावं. पण त्याच्या तारखा घेत गावोगाव फिरवू नये. त्या वयात आवाज फुटायचा असतो, शाळा असते, आणि मुख्य म्हणजे जे बोलतोय ते त्याला अजून कळायचं असतं.

कीर्तनाचे पैसे घ्यावेत का?

सगळ्यांत नाजूक प्रश्न, आणि तुकोबांनी तो आडपडदा न ठेवता सोडवलाय. जिथे कीर्तन करावं तिथे अन्न सेवू नये, बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, आणि ‘तुका म्हणे द्रव्य घेती । देती तेही नरका जाती ॥’. घेणारा आणि देणारा दोघांनाही त्यांनी सोडलेलं नाही.

हा अभंग मानून आजही काही महाराज गावाचं पाणीसुद्धा घेत नाहीत. त्यांच्या घरी शेती असते किंवा नोकरी असते. दुसरीकडे, वर्षभर फिरणाऱ्या कीर्तनकाराला गाडीचं डिझेल लागतं, सोबतच्या गायनाचार्यांना आणि मृदंगाचार्यांना त्यांचं घर चालवायचं असतं, आणि पखवाज वाजवणाऱ्याने फुकट वाजवावं असं म्हणणं अन्यायाचं आहे. म्हणून प्रवासखर्च आणि साथीदारांचं मानधन गावाने आपणहून द्यावं, महाराजांना पाकीट द्यायचं ते खुशीने द्यावं. अमुक आकडा आधी ठरल्याशिवाय तारीख नाही, हा व्यवहार मात्र मला पटत नाही, कारण तिथे अभंगाची सेवा संपते आणि करार सुरू होतो. आकडा परवडत नाही म्हणून लहान वस्तीचा सप्ताह बंद पडला, तर ते पाप कोणाच्या माथी लावायचं?

सप्ताहात कीर्तनाशिवाय काय काय असतं?

पहाटे काकडा, मग विष्णुसहस्रनाम, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथाभजन, चारच्या सुमाराला प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. कीर्तनकार बहुतेक वेळा रोज वेगळा असतो. तो रात्री येतो आणि जातो. सप्ताह खरा चालवतात ते व्यासपीठचालक, टाळकरी, चुलीवरची मंडळी आणि पहारेकरी.

पहारा म्हणजे विण्याचा पहारा. सातही दिवस रात्रंदिवस विणा कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असतो, खाली टेकवायचा नाही. पहाटे तीनला मांडवात कुत्रंही जागं नसतं, फक्त एक शेतकरी विणा गळ्यात घालून ‘रामकृष्ण हरि’ म्हणत हळूहळू फेऱ्या मारत असतो. दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, विणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो आणि नाम तुटत नाही. मोठ्या महाराजांच्या कीर्तनाला हजारोंची गर्दी होते, तिचा आनंद आहेच. पण कमिटीने पहाऱ्याची यादी आधी भरावी, महाराजांची नावं नंतर.

काल्याच्या कीर्तनात काय वेगळं?

शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन होतं. त्यात कृष्णाच्या बाळक्रीडेचे अभंग, गोपाळांच्या शिदोऱ्या, आणि शेवटी हंडी फोडून दही-लाह्यांचा काला. सगळ्या सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून कृष्णाने वाटल्या, ही त्यातली मुख्य गोष्ट. म्हणून काला घेताना पंगतीत कोण कोणाशेजारी बसलंय हे पाहायचं नसतं.

कीर्तनकाराने संसार करावा की विरक्त राहावं?

परंपरेत दोन्ही आहेत. जोग महाराज ब्रह्मचारी होते, तुकोबा आणि एकनाथ महाराज गृहस्थ. आज बहुतेक कीर्तनकार गृहस्थच आहेत आणि त्यांच्या घरच्या माणसांना ते थोडेच दिसतात. यात्रा-जत्रांचा हंगाम, रामनवमी, हनुमान जयंती, मग आषाढीची वारी, पुढे चातुर्मास, गोकुळाष्टमी, कार्तिकी, आळंदीची समाधी यात्रा, फाल्गुनात देहूची बीज. वर्ष असं भरलेलं असतं. रात्री अकराला कीर्तन संपवून शंभर-दोनशे किलोमीटर गाडी हाकत पुढचं गाव गाठणं हे या कामातलं सर्वांत धोक्याचं अंग आहे. गावाने अशा वेळी महाराजांना आणि चालकाला झोपायची जागा द्यावी, आग्रह करून ठेवून घ्यावं.

महिलांनी कीर्तन करावं का?

करावं. जनाबाईंनी सातशे वर्षांपूर्वी हातात टाळ आणि खांद्यावर वीणा घेऊन भरल्या बाजारी जाईन असं म्हणून ठेवलंय. तरी काही जुन्या फडांवर आजही स्त्रिया कीर्तनाला उभ्या राहत नाहीत, ही वस्तुस्थिती आहे. नारदीय परंपरेत मात्र स्त्री कीर्तनकार कित्येक पिढ्या आहेत, आणि आता वारकरी पद्धतीने गावोगावच्या सप्ताहांत महिला कीर्तनकार उभ्या राहतात, लोक त्यांना मनापासून ऐकतात. मुलींसाठी वेगळ्या शिक्षण संस्थाही निघाल्या आहेत. जनाबाई, मुक्ताबाई, बहिणाबाई यांची प्रमाणं पुरुषाने दिलेली चालतात आणि स्त्रीने व्यासपीठावर उभं राहिलेलं चालत नाही, याला संतवचनाचा आधार मला कुठेही सापडत नाही.

आणि जातीचं काय?

ज्यांचे अभंग कीर्तनात घेतात ते कोण होते ते पाहा: नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, चोखोबा महार. व्यासपीठावर जातीचा प्रश्न संतांनीच मिटवला. समाजाने मात्र तो मिटू दिला नाही. पंढरीचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावं लागलं. चोखोबांचा अभंग रात्री गायचा आणि सकाळी पंगत वेगळी मांडायची, असं जिथे होत असेल तिथे कीर्तनकाराने ते तिथल्या तिथे बोलून दाखवावं. त्याने बोललेलं गाव ऐकून घेतं.

कीर्तनात विनोद चालतो का?

चालतो. भारुडांत नाथ महाराजांनी भरपूर हसवलंय. पण तिथे माणसाच्या दांभिकतेवर हसू येतं. सासू-सुना, मुलींचे कपडे, बायकोचा स्वभाव, एखाद्याचा रंग किंवा जाडी यांवर हशा मिळवणं सोपं आहे, आणि समोर बसलेल्या बायका मान खाली घालतात ते व्यासपीठावरून स्पष्ट दिसतं. नारदाच्या गादीवर, म्हणजे कीर्तनाच्या जागेवर उभं राहून हे करू नये. मुलगाच व्हावा म्हणून तिथी-वार सांगणं तर निंद्यच. लिंगनिवड आणि तिची जाहिरात रोखणारा कायदा १९९४ पासून आहे, आणि व्यासपीठ त्यातून सुटत नाही.

गाडगे महाराजांना कीर्तनकार म्हणायचं का?

नक्कीच, जरी त्यांची पद्धत कोणत्याच फडाच्या चौकटीत बसत नाही. गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात गावाला प्रश्न विचारायचे. वऱ्हाडी बोलीत एकामागून एक प्रश्न, आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून. कर्ज काढून सण करावा का, बकरं कापावं का, पोराला शाळेत घालावं का? मध्येच ‘गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला’चा गजर. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे त्यांनी गरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः कुणालाही पाया पडू दिलं नाही. त्यांच्या कीर्तनाची नक्कल अनेक जण करतात. खराटा उचलायची तयारी असेल तर करावी.

मराठी कीर्तन महाराष्ट्राबाहेर पोहोचलं आहे का?

फार पूर्वीच. तंजावरला भोसल्यांचं राज्य १८५५ पर्यंत होतं, आणि तिथे मराठी कीर्तनकार येत-जात असत. मोरगावकर रामचंद्रबुवांसारख्यांची कीर्तनं ऐकून तंजावर कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला नवी घडण दिली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्तं तिथल्या हरिकथेत आजही त्याच नावांनी गातात. समर्थ संप्रदायातले मेरुस्वामी तर स्वाती तिरुनाळांच्या काळात त्रावणकोरच्या दरबारी पोहोचले होते. परदेशातली महाराष्ट्र मंडळंही गणेशोत्सवात कीर्तन ठेवतात. तिथे वाढलेल्या मुलांसाठी अभंग सावकाश म्हणून, चरणाचा अर्थ आधी सांगून मग चाल धरली तर ती मुलं छान साथ करतात.

कीर्तनाचं चित्रीकरण करून टाकलं तर चालेल का?

महाराजांना विचारून, आणि पूर्ण. दोन तासांतला चाळीस सेकंदांचा तुकडा कापून टाकला की शंका तेवढी लोकांपर्यंत जाते आणि समाधान मागेच राहतं. तुकडा टाकायचाच असेल तर ज्यात प्रमाण आहे असा टाकावा.

तारीख ठरवताना कमिटीने काय काय विचारून घ्यावं?

सोबत किती माणसं आहेत, एकादशी असेल तर फराळ कुणाकुणाला, गायक-वादक महाराजांचे की गावाचे, आणि उशीर झाला तर कोणाशी बोलायचं. ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी आधी काढून ठेवावी. रात्री दहानंतर भोंगा लावायला बंदी आहे. वर्षातल्या ठरावीक दिवसांपुरती सरकार मुभा देतं, त्या यादीत आपला दिवस आहे का ते पाहावं. नसेल तर नऊऐवजी साडेसातला कीर्तन उभं करावं. म्हशींच्या धारा काढून लोक वेळेवर येत नाहीत ही तक्रार सगळीकडे असते, त्यासाठी हरिपाठ थोडा अलीकडे घ्यावा. सत्काराला पाच मिनिटांच्या वर वेळ देऊ नये, आणि तो कीर्तन संपल्यावर करावा. मध्येच कीर्तन थांबवून पुढाऱ्यांना नारळ-शाल देण्याची पद्धत पडली आहे ती बंद करावी.

आणि सेवेला कोणता अभंग घेणार हे महाराजांना आठ दिवस आधी विचारून गावातल्या भजनी मंडळाला कळवावं. तेवढ्या दिवसांत मंडळ चाल बसवून ठेवतं, मग त्या रात्री ध्रुपद उचलायला शेजारच्या गावाहून टाळकरी आणावे लागत नाहीत.